दुकानात पेटणारा हिरा घरी विझतो कसा? उजेड आणि हिऱ्याची पारख (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

बिंदू चौक

नमस्कार. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कोल्हापूरच्या गुजरीतील, म्हणजे सराफ बाजारातील, एका दुकानातून पत्नीसाठी हिऱ्याची अंगठी घेतली. हिरा गोल, ४० सेंटचा (०.४० कॅरेटचा) आहे. सोबतच्या प्रयोगशाळेच्या अहवालात रंग एच (डी म्हणजे रंगहीन, पुढचे प्रत्येक अक्षर थोडे अधिक पिवळसर), शुद्धता व्हीएस २, कट म्हणजे घडण व्हेरी गुड आणि फ्लुरोसन्स, म्हणजे अतिनील प्रकाशात येणारी झळाळी, मध्यम निळा अशी नोंद आहे. दुकानात पांढऱ्या ट्रेवर ही अंगठी आमच्यापुढे ठेवली, तेव्हा तिच्यातून लाल, निळ्या, हिरव्या ठिणग्या उडत होत्या आणि आम्ही दोघांनी दुसऱ्या अंगठीकडे पाहिलेसुद्धा नाही.

घरी आल्यावर आठवडाभर कौतुकात गेला. त्यानंतर लक्षात येऊ लागले की, स्वयंपाकघरातील एलईडी पट्टीखाली हा हिरा काचेच्या मण्यासारखा सपाट दिसतो. दिवसा खिडकीपाशी नेला तर टेबलाच्या, म्हणजे हिऱ्याच्या माथ्यावरच्या मोठ्या सपाट पैलूच्या, कडेलगत एक राखाडी वलय दिसते. परवा पावसाने उघडीप दिली आणि गच्चीवर ऊन पडले, तेव्हा तर हिरा जवळजवळ काळा दिसला, त्यात डोळे दिपवणारे दोन-तीन ठिपके तेवढे होते. आणि त्याच संध्याकाळी देवघरात समईपुढे पत्नीने हात जोडले, तेव्हा हाच खडा पुन्हा दुकानातल्यासारखा पेटला.

मेव्हण्यांचे ठाम मत आहे की खडा बदलला गेला. अहवालाचा क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, कोरलेला आहे आणि दहा पट भिंगातून तो मी स्वतः जुळवून पाहिला आहे, त्यामुळे तो संशय मी घेत नाही. एकाच खड्याच्या या चार रूपांपैकी कोणते प्रमाण मानायचे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त मास्तर

चारही रूपे खरी आहेत, कारण हिऱ्याला स्वतःचे असे रूप फार थोडे असते. तो लहान लहान आरशांचा आणि लोलकांचा एक गुच्छ आहे, आणि ज्या खोलीत तो ठेवाल त्या खोलीचे तुकडे करून तो तुमच्या डोळ्यांत परत टाकतो.

पस्तीस वर्षे फळ्यावर भौतिकशास्त्र लिहिल्यामुळे थोडे आकडे देण्याचा मोह आवरत नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वळवतो त्याचे माप, २.४२ आहे आणि त्याचा क्रांतिक कोन सुमारे २४.४ अंश. साध्या काचेत हाच कोन ४१ अंशांच्या पुढे असतो. म्हणजे हिऱ्यात शिरलेला किरण तळाच्या पैलूवर २४.४ अंशांपेक्षा अधिक तिरका आदळला की बाहेर पडू शकत नाही, तो पूर्ण उलटून वर येतो. वर येऊन हवेत पडताना त्याचे रंग फाकतात. या फाकण्याचे मोजमाप हिऱ्यासाठी ०.०४४ धरतात, जे साध्या काचेच्या दुपटीहून जास्त आहे.

आता तुमच्या समईचे पाहू. सूर्य आकाशात आपल्याला जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. समईच्या वातीची दोन सेंटिमीटरची ज्योत सहा-सात फुटांवरून पाहिली, तर तीसुद्धा जवळपास अर्धा अंशच भरते. उजेडाचा उगम इतका लहान असला की एकेका पैलूतून निघणारा रंगांचा पट्टा सुटा राहतो, आणि हात किंचित हलला की त्यातला कधी लाल, कधी निळा भाग तुमच्या बुबुळावर पडतो. स्वयंपाकघरातील चार फुटी पट्टी तेवढ्याच अंतरावरून सुमारे तेहतीस अंश व्यापते. त्या पट्टीचा प्रत्येक बिंदू आपापला रंगपट्टा तयार करतो, हे सगळे पट्टे एकमेकांवर चढतात, आणि एकाचा तांबडा व दुसऱ्याचा निळा मिळून पुन्हा पांढरा प्रकाश होतो. रंग तिथेही निर्माण होतातच, मात्र ते एकमेकांत मिटून जातात. दुकानांत छतावर पंधरा-वीस लहान स्पॉट दिवे असतात ते याच कारणासाठी. त्या समयाच म्हणायच्या.

उन्हात हिरा काळा का दिसला? तिथेही उगम लहानच आहे, मात्र तो अतिशय प्रखर आहे. एका क्षणी दोन-तीनच पैलू सूर्याचे प्रतिबिंब नेमके तुमच्या डोळ्यांत टाकतात, बाहुली आकसते, आणि उरलेला सगळा खडा त्या तुलनेत काळवंडतो. प्रखर उन्हात हिऱ्याची पारख करू नये, ती आपल्या डोळ्यांची परीक्षा ठरते.

एक प्रश्न मात्र मला विचारावासा वाटतो. आपण अंगठी किती अंतरावरून पाहता? नवी वस्तू आपण नाकाशी धरतो. चांगला घडवलेला हिरा मुख्यतः वरून आलेला प्रकाश वर परत देतो, आणि आपण वीतभर अंतरावर वाकलो की त्या वाटेत आपले स्वतःचे डोके येते. मग हिऱ्यात जो काळोख दिसतो तो आपल्याच डोक्याचा असतो. हात लांब करून, किमान फूट-सव्वा फुटावरून पाहावे. रंगांच्या ठिणग्यासुद्धा अंतर वाढले की अधिक सुट्या दिसतात.

रंकाळ्याकाठी

मास्तर, आपले म्हणणे शास्त्राला धरून असेल, तरी आमच्या आजोबांचा अनुभव असा की खरा हिरा कुठेही ठेवला तरी चमकतो, अंधारातसुद्धा. इतका विझतो आहे म्हणजे काहीतरी खोट आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाईलची टॉर्च टाकून पाहावी. रंग उडाले तर हिरा, नाहीतर काच.

कोंदणकार

मी गेली बावीस वर्षे खडे बसवण्याचे काम करतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो, रंकाळ्याकाठी यांनी राग मानू नये. पूर्ण अंधारात हिरा चमकत नाही. कुठून तरी उजेडाची एक तिरीप यावी लागते. आणि मोबाईलच्या टॉर्चने रंग उडतात म्हणून हिरा, हे तर पूर्ण उलटे आहे. त्या टॉर्चखाली अमेरिकन डायमंडसुद्धा रंग उधळतो, कारण त्याचे रंग फाकणे हिऱ्यापेक्षा जास्त, ०.०६० आहे. मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्याचे तर ०.१०४ आहे, म्हणजे हिऱ्याच्या दुपटीहून अधिक. इंद्रधनुष्य अति होत असेल तर उलट शंका घ्यावी. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर कोणत्याही दिव्याखाली डोळ्यांना ओळखू येणार नाही, कारण तो हिराच आहे, त्यासाठी यंत्र लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बिंदू चौक यांनी लिहिले आहे की आठवडाभर कौतुकात गेला आणि त्यानंतर फरक जाणवू लागला. माझ्या दृष्टीने या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. वहिनी अंगठी घालून स्वयंपाक करतात का? हिऱ्याला तेलाची ओढ फार. खाणीत हिरे वेगळे करण्यासाठी पूर्वी चरबी फासलेल्या टेबलांवरून खडीचे पाणी सोडत. इतर दगड वाहून जात आणि हिरे चिकटून राहत. आपल्या घरी रस्स्यावरचा कट, पोळीचे तेल, हाताचे क्रीम हे सगळे हळूहळू खड्याच्या पोटाशी जाऊन बसते, आणि खडा वरून पुसला तरी ते तिथून हटत नाही. मागची बाजू स्वच्छ असते तोवर तळाचा पैलू आरसा असतो. त्यावर तेलाचा थर बसला की तो आरसा अर्धवट खिडकी होतो. मास्तर आकडा सांगतीलच.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा अंगठ्यांपैकी सात-आठ अंगठ्यांना मळाशिवाय काहीच झालेले नसते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकावेत, त्यात अंगठी पंधरा मिनिटे ठेवावी, आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने, म्हणजे बोटाकडच्या बाजूने घासावे. काम मोरीवर करू नये, वाटीत करावे. का ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रे. पांढरा ट्रे हा निम्मा दिवाच असतो. ज्या हिऱ्याच्या तळातून प्रकाश गळतो, तो हिरा पांढऱ्या ट्रेवर छान दिसतो, कारण गळतीच्या जागेतून खालचा पांढरा रंग वर दिसतो आणि तो आपल्याला हिऱ्याचे तेज वाटतो. तीच अंगठी बोटात घातली की त्या जागेतून बोट दिसते. अंगठी स्वच्छ झाल्यावर एक करून पाहावे. खिडकीपाशी, ऊन थेट येत नसेल अशा जागी बसून, अंगठीखाली आधी पांढरा कागद धरावा आणि मग लाल फडके धरावे. कोंदण मागून उघडे असेल आणि खड्यात कुठे लाली उतरली, तर ती जागा गळकी आहे असे समजावे.

बिंदू चौक

आपण सर्वांनी इतके बारकाईने लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. पत्नी अंगठी घालूनच कणीक मळते, हे विचारल्यावर कळले. माझे इतके दिवस लक्षही नव्हते. काल रात्री सांगितल्याप्रमाणे अंगठी वाटीत ठेवली. पंधरा मिनिटांनी पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि ब्रश फिरवल्यावर खड्याच्या पोटातून पिठाची एक करडी पापडी सुटून आली, नखाच्या टोकाएवढी. ती पाहून पत्नीने स्वतःच्या कानांतल्या कुड्यासुद्धा तपासायला घेतल्या.

फरक मोठा पडला. स्वयंपाकघरातील पट्टीखाली आता ठिणग्या नाहीत, पण खडा पांढरा, उजळ दिसतो. काचेचा मणी वाटत नाही. हात लांब करून पाहिल्यावर मधला काळोखही गेला, म्हणजे ते माझेच डोके होते.

टेबलाच्या कडेलगतचे राखाडी वलय मात्र तसेच राहिले आहे. सकाळी देव्हाऱ्यातले लाल वस्त्र घेऊन खिडकीत बसलो. पांढऱ्या कागदावर वलय जवळजवळ दिसेनासे झाले. लाल वस्त्रावर ठेवताच त्याच जागी, अगदी गोल कंकणासारखी, फिकट गुलाबी छटा उतरली. बोटात घातल्यावर तीच जागा राखाडी होते. शेजारच्यांची अंगठी मागून आणून तीही त्याच फडक्यावर ठेवली. तिच्यात लाली फक्त अगदी काठाशी, दोन-चार ठिपक्यांपुरती दिसली.

अहवालात दोन कोन दिलेले आहेत: क्राउन अँगल (माथ्याचा कोन) ३६ अंश आणि पॅव्हेलियन अँगल (तळाचा कोन) ४१.८ अंश. त्यांचा याच्याशी काही संबंध आहे काय?

निवृत्त मास्तर

संबंध आहे, आणि आपण फडक्यावर पाहिले तेच अहवालात आकड्यांनी लिहिलेले आहे. हिऱ्याच्या घडणीचा अभ्यास करणारे मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणित मांडून गोल हिऱ्यासाठी माथ्याचा कोन ३४.५ अंश आणि तळाचा कोन ४०.७५ अंश सुचवला. तोच एक आकडा पवित्र आहे असे नाही. आसपासच्या अनेक जोड्या उत्तम ठरतात. साधारण नियम असा की माथा अधिक उभा असेल तर तळ थोडा उथळ हवा, म्हणजे एकाने केलेली चूक दुसरा सावरतो. आपल्या खड्यात दोन्ही कोन एकाच दिशेने वाढलेले आहेत. माथ्यातून तिरके शिरलेले काही किरण मग तळाच्या पैलूवर पुरेसे तिरके आदळत नाहीत आणि खालून निसटतात. ही गळती टेबलाच्या कडेखाली कंकणाच्या आकारात दिसते, हे सराफांच्या आणि घडणाऱ्यांच्या परिचयाचे आहे.

असे कोन ठेवण्यामागे बहुधा वजन वाचवणे असते. खोल घडवलेल्या खड्यात कच्च्या हिऱ्याचे वजन अधिक टिकते, ३८ सेंटचा होण्याऐवजी तो ४० सेंटचा होतो, आणि किंमत वजनावर ठरते.

कोंदणकारांनी मागितलेला आकडा देतो. तळाशी हवा असताना क्रांतिक कोन २४.४ अंश असतो, पाण्याचा थर असेल तर तो ३३ अंशांवर आणि तेलाचा थर असेल तर सुमारे ३७ अंशांवर जातो. म्हणजे मधल्या तेरा अंशांतले जे किरण आधी परत येत होते, ते तेलामुळे खालून निघून जातात. कट कितीही उत्तम असला तरी कणकेपुढे तो हरतो.

राजारामपुरी

चर्चा चमकेपुरतीच चालली आहे, रंगाचे कोणी बोलत नाही. माझे मत असे की या खड्यात मध्यम निळा फ्लुरोसन्स आहे हीच खरी गडबड आहे. असे हिरे दुधाळ दिसतात असे मला दोन जणांनी सांगितले होते, म्हणून मी स्वतः घेताना फ्लुरोसन्स नसलेला हिरा घेतला आणि त्यासाठी जास्त पैसे मोजले. माझा नियम सोपा आहे: उत्तरेची खिडकी, सकाळची वेळ, पांढरा कागद. तिथे जो पांढरा दिसला तो पांढरा.

कोंदणकार

दुधाळ दिसणारे खडे असतात, पण ते विरळा. आणि ते बहुधा अतितीव्र निळ्या प्रकारातले असतात. त्यांतही दुधाळपणाचे कारण अनेकदा आतले बारीक ढग असतात आणि नाव फ्लुरोसन्सचे होते. मध्यम निळ्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. जीआयए या अमेरिकेतल्या रत्नपरीक्षण संस्थेच्या संशोधकांनी १९९७ मध्ये यावर पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत सामान्य ग्राहकांना फ्लुरोसन्सचा फरक ओळखताच आला नाही, आणि टेबलाचा पैलू वरच्या बाजूला ठेवून पाहताना तीव्र निळे खडे एकंदरीत थोडे अधिक पांढरेच वाटले.

याचे कारण आपल्या घरातलेच आहे. पिवळट पडलेल्या धोतराला नीळ देतात तेव्हा मळ जात नाही, फक्त निळ्यामुळे पिवळेपण डोळ्यांना जाणवेनासे होते. हिऱ्यातला निळा फ्लुरोसन्स म्हणजे उन्हात आपोआप लागणारी नीळ आहे. ती लागण्यासाठी अतिनील प्रकाश हवा. तो उन्हात भरपूर असतो, खिडकीच्या काचेतूनही बराचसा आत येतो, आणि घरातल्या एलईडी दिव्यात जवळजवळ नसतोच. म्हणून एच रंगाचा असा खडा खिडकीत एक पायरी वरचा वाटू शकतो आणि रात्री आपल्या मूळ पायरीवर येतो. घेणाऱ्याने दोन्ही वेळी पाहावा, म्हणजे नंतर हुरहुर राहत नाही. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा बहुतेक दुकानांत असतोच. त्याखाली खडा निळा पेटतो का ते मागून पाहता येते.

कागदाबद्दलही एक सांगतो. फार शुभ्र दिसणाऱ्या छपाईच्या कागदातसुद्धा तीच नीळ असते, म्हणजे अतिनील प्रकाशात निळसर चमकणारे द्रव्य. त्यावर ठेवलेला चांगला खडाही पिवळट वाटू शकतो. उलट, हिऱ्यांच्या पुडीला आतून फिकट निळा कागद लावण्याची रीत आहे, त्यावर पिवळसर खडाही उजळ दिसतो. सोने गुलाबी कागदात का गुंडाळतात, हे गुजरीत वाढलेल्याला विचारण्याची गरज नाही. साधा, चमक नसलेला पांढरा कागद मधोमध दुमडून त्याची पन्हळ करावी आणि सुटा खडा तिच्यात टेबल खाली करून ठेवून बाजूने पाहावे. वरून पाहिले तर चमक रंगाला झाकते. तरीही चमक आड येत असेल तर खड्यावर हलकेच श्वास सोडावा. वाफ उडून जाईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत अंगचा रंग दिसतो. शेजारी तुलनेला ओळखीच्या रंगाचा दुसरा खडा असल्याशिवाय एच की आय हे मी स्वतःही सांगत नाही. बसवलेल्या खड्याचा रंग तर अंदाजानेच सांगावा लागतो, कारण पिवळ्या सोन्याची छाया त्यात उतरलेली असते.

निवृत्त मास्तर

राजारामपुरी यांच्या उत्तरेच्या खिडकीला एक पुरवणी जोडतो. हा नियम युरोपासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशांना चांगला लागू पडतो. तिथे भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत दिवसाचा बहुतेक वेळ थेट ऊन येत नाही आणि उजेड शांत, आकाशाचा असतो. कोल्हापूर मात्र १६.७ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येण्याचा, दिवस येतो, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. त्या तीन महिन्यांत उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येऊ शकते. जून-जुलैत ढग असतात म्हणून ते कळत नाही इतकेच. तेव्हा दिशा पाहण्यापेक्षा खिडकीतल्या आपल्या हाताची सावली पाहावी. सावलीची कडा रेखीव, स्पष्ट असेल तर जागा बदलावी. ती विरघळल्यासारखी दिसत असेल तर तो उजेड योग्य आहे.

भिंतींचाही विचार करावा. हिरवा रंग दिलेल्या खोलीत किंवा लाल साडीच्या कुशीत कोणताही हिरा पांढरा राहत नाही.

रंकाळ्याकाठी

माझे अंधाराचे विधान मी मागे घेतो. आजोबांच्या काळी घरात कंदील असे, त्यामुळे त्यांचा अंधारही पूर्ण अंधार नसावा. आता एक शंका विचारतो. अंगठीचे वेगवेगळ्या उजेडांतले फोटो इथे टाकले, तर जाणकारांना घरबसल्या सांगता येणार नाही का?

कोंदणकार

सांगता येणार नाही. मोबाईल प्रत्येक फोटोत पांढरा रंग स्वतःच्या मनाने ठरवतो, त्यामुळे पिवळ्या दिव्याखालचा आणि निळसर दिव्याखालचा खडा सारखाच दिसू शकतो. शिवाय हिऱ्याची जान हालचालीत असते. दुकानदारांचे फिरत्या चकतीवरचे व्हिडिओ त्यातल्या त्यात बरे, पण तिथेही दिवे त्यांनीच लावलेले असतात.

शाहूपुरी चौथी गल्ली

इतके वाचून माझ्याही मनात एक प्रश्न आला. आईकडून मला सात हिऱ्यांच्या जुन्या कुड्या मिळाल्या आहेत. खडे मागून पूर्ण बंद कोंदणात आहेत, चपटे आहेत, आणि त्यांचे पैलू मोठे व मोजके आहेत. दिवसा त्या कुड्या आजच्या कानातल्यांपुढे मंद दिसतात. पण मागच्या गौरींना, दिवे गेले असताना, निरांजनाच्या उजेडात सासूबाईंनी त्या घातल्या होत्या आणि पलीकडच्या खोलीतूनही त्यांची एकेक चमक स्पष्ट दिसत होती. त्यासुद्धा साबणाच्या पाण्यात धुवाव्यात का?

निवृत्त मास्तर

धुण्याचे उत्तर कोंदणकार देतील, मी चमकेचे देतो. पैलू मोठा असेल तर त्यातून निघणारा झोतही रुंद असतो. मान हलली की तो हळू फिरतो आणि डोळ्यांत जरा अधिक वेळ टिकतो. आजच्या गोल हिऱ्यात ५७ किंवा ५८ लहान पैलू असतात, त्यामुळे चमका पुष्कळ, बारीक आणि भराभर मिटणाऱ्या येतात. भरपूर दिवे असलेल्या खोलीत त्या शोभतात. एक-दोन ज्योतींच्या खोलीत जुनी, सावकाश चमक दुरूनही ओळखू येते. ते खडे घडवणाऱ्यासमोर ट्यूबलाइट नव्हतीच.

बिंदू चौक

जे घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. शनिवारी अंगठी घेऊन पुन्हा दुकानात गेलो. भांडायला गेलो नव्हतो. अहवालात कोन छापलेले होते आणि ते मी वाचले नव्हते, यात दुकानदाराने काही लपवले असे म्हणता येत नाही. त्यांच्याकडे महिनाभरात बदलून देण्याची सोय होती, तिचे तीन दिवस शिल्लक होते.

त्यांनी चार खडे काढले आणि सवयीप्रमाणे दिव्याखाली मांडले. तिथे चारही सारखेच पेटत होते. मी ते बाहेर उंबऱ्याशी पाहू द्यावेत अशी विनंती केली. मालकांनी आधी भुवया उंचावल्या, मग एका मुलाला सोबत दिले आणि चिमट्यात धरलेला एकेक खडा तो मला दाखवत गेला. बाहेर ढगाळ होते, बोळातला उजेड मऊ होता, मात्र समोरच्या दुकानाची निळी ताडपत्री प्रत्येक खड्यात उतरत होती, म्हणून आम्ही दोन पावले बाजूला सरकलो. तिथे चारांतले दोन लगेच बाद झाले. एकाच्या मधोमध काळा डाग होता, दुसऱ्यात तेच ओळखीचे वलय. उरलेल्या दोघांपैकी एक ३७ सेंटचा, रंग आय, फ्लुरोसन्स नाही, कोन ३४.५ आणि ४०.८. तो लाल रुमालावर धरला तेव्हा आत लाली जवळजवळ उतरलीच नाही. शेवटी त्यांच्याच मागच्या खोलीत, जिथे एकच साधी पट्टी आहे, तिथे तो पाहिला, आणि पत्नीने त्यावर होकार दिला.

वजनात तीन सेंट गेले आणि रंगात एक पायरी गेली. पिवळ्या सोन्यात बसवल्यावर ती पायरी मला तरी दिसत नाही, आणि गोलाईही शेजारी ठेवली तर जुन्याएवढीच वाटते, कारण जुन्याचे जादा वजन त्याच्या पोटात होते. स्वयंपाकघरात दाराशी आता एक खुंटी ठोकली आहे, कणीक मळताना अंगठी तिथे लटकते.

कोंदणकार

खुंटी ओट्यापासून लांब असू द्यावी, वाफेबरोबर तेल तिथेही पोचते.

शाहूपुरीच्या ताईंसाठी: त्या कुड्या कृपा करून पाण्यात बुडवू नयेत. बंद कोंदणात खड्यामागे बहुधा चकाकणारा पातळ पत्रा बसवलेला असतो, आणि त्या चपट्या खड्यांचे निम्मे तेज त्या पत्र्यातून येते. फटीतून पाणी आत गेले की पत्रा काळा पडतो आणि खडा आंधळा होतो. मग कोंदण उघडण्याखेरीज उपाय राहत नाही, आणि जुने कोंदण उघडून पुन्हा तसेच बसवणारे हात आता थोडे उरले आहेत. कोरड्या मऊ कापडाने वरून पुसावे, तेवढे पुरे आहे. सातांपैकी एखादा खडा बाकीच्यांपेक्षा काळसर दिसतो का, हे एकदा खिडकीतल्या मऊ उजेडात पाहून ठेवावे. दिसत असेल तर त्याच्या मागे पाणी आधीच शिरलेले आहे, आणि तेवढाच एक खडा उघडावा लागेल.